आत घेतलेली गाठ

आमच्या घरात कात्र्या दोन होत्या. एक माणसांची, एक देवांची. माणसांची कात्री मशीनच्या खणात पडलेली असायची आणि तिने कापड, कागद, सुतळी, घाईच्या वेळी आईची कोथिंबीरसुद्धा कापली जायची. देवांची कात्री लाल फडक्यात गुंडाळून फळीवर. तिला अंघोळीशिवाय हात लावायचा नाही. दादा, म्हणजे माझे वडील, पंचवटीत देवांचे पोशाख शिवायचे. विंचूरकडच्या खेड्यातून लग्नानंतर आले तेव्हा सदरे-लेंगेच शिवत होते. मग एका पुजाऱ्याने देवाचं उपरणं शिवायला दिलं, त्याला हात आवडला, आणि मी शाळेत जायला लागेपर्यंत आसपासच्या पंधरा-वीस देवळांतले देव दादांनी शिवलेलं नेसत होते. देवांच्या कामाचे नियम आम्हा दोघी बहिणींना बाराखडीच्या आधी पाठ झाले. देवाचं माप टेपने घ्यायचं नाही, कोऱ्या दोऱ्याने घ्यायचं. सुई ओवताना दोऱ्याचं टोक तोंडात धरायचं नाही, दोरा उष्टा होतो. मेणावरून ओढून सरळ करायचा. आणि शेवटचा नियम गाठीचा. गिऱ्हाइकाच्या कपड्याला हातशिलाईची गाठ उलट्या बाजूला राहिली तरी चालते, कोण बघतं? देवाच्या कपड्याला नाही. तिथे गाठ कापडाच्या दुमडीत आत घ्यायची. उलटीकडूनही दिसता कामा नये, हाताला लागता कामा नये. "देवाच्या अंगाला टोचंल," दादा म्हणायचे. दगडाच्या देवाला काय टोचणार, असं मला तेव्हाही वाटायचं, पण मी ते बोलले नाही. कारण दादा तशीच आत घेतलेली गाठ आणखी फक्त दोघींच्या कपड्यांना घालायचे. माझ्या आणि लताच्या.

घर म्हणजे पुढे दुकानाची खोली आणि मागे चूल. पुढून मशीनच्या पट्ट्याचा आवाज, मागून आईच्या भाकरी थापण्याचा, आणि दोन्हीच्या वरून घंटा. घंटा आम्हाला ऐकूच यायच्या नाहीत, बंद झाल्या तरच लक्षात यायचं. शिवलेल्या टोप्या कडक करायला आई चुलीवर खळ शिजवायची. त्या खळीचा आंबूस गरम वास आमच्या वह्यांनासुद्धा असायचा आणि वर्गातल्या मुली म्हणायच्या, "शकू आली गं, टोपीचा वास आला." उत्सवाचं काम चालू असलं की घरात कांदा-लसूण बंद. मग सकाळ-संध्याकाळ मुगाचं वरण, बाजरीची भाकरी आणि वाळल्या कुरडयांची भाजी. लता भाकरीकडे बघून म्हणायची, "देव नवा अंगरखा घालणार, आन आपण उपाशी." आई पळी उगारायची. पण हसायची.

दादांची शाळा चौथीपर्यंत. अक्षर लावून वाचायला त्यांना वेळ लागे, पण ऐकायची भूक जबर होती. मी पाचवीत गेले तेव्हापासून रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर मशीनशेजारच्या पाटावर बसून मी मोठ्याने धडे वाचायचे आणि दादा हातशिलाई करत ऐकायचे. इतिहास, भूगोल, मराठी, सगळं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्यांनी माझ्याकडून ऐकलं आणि दोन दिवस गिऱ्हाइकांना सांगत सुटले. पाण्याचा दाब, भिंगं, झाडाचं अन्न. "आन हे कोनी शोधून काडलं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पुस्तकात नाव असलं की ते सुई थांबवून मान हलवायचे, जणू तो माणूस दुकानाच्या पायरीवर उभा आहे. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे हे मी आजही कोणालाही सांगते, न विचारता सांगते. पण मला कोणी शिकवलं असं विचारलं तर शाळेच्या आधी मी त्या पाटाचं नाव घेईन. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी दादांबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कोणी त्यांना अडाणी म्हणू नये. तो अधिकार फक्त मला आहे, आणि मीही तो वापरत नाही.

दहावीचं विज्ञानाचं पुस्तक शाळेच्या पुस्तकपेढीतून मिळालं होतं. वर्षभर वापरायचं, मग परत करायचं. पहिल्या पानावर, मधल्या पानावर आणि शेवटच्या पानावर जांभळा शिक्का. दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी उत्क्रांतीचा धडा काढला. मला कसलीच कल्पना नव्हती, मी नेहमीसारखी वाचत गेले. सजीव आहेत तसे एकदम निर्माण झाले नाहीत, पिढ्यानपिढ्या थोडे थोडे बदलत गेले. दादा शेल्याला जरीची किनार लावत होते. माणूस आणि माकड यांचे फार फार पूर्वीचे पूर्वज एकच, असं वाक्य आलं आणि दादांची सुई थांबली. मी वाट बघत होते, आता विचारतील, हे कोणी शोधून काढलं.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"बंद कर ते."

"दादा, धडा आहे. परीक्षेला आहे."

"शकू, बंद कर म्हनलं ना." मग आतल्या दाराकडे तोंड करून ते आईला म्हणाले, "ऐकलं का? आपन माकडं होतो. पोरीला हे शिकवून राहिले शाळेत."

आई दोन महिन्यांपूर्वी घाटाच्या पायरीवरून घसरली होती, तेव्हापासून ती कापडाची गोल चुंबळ करून तिच्यावर बसायची. तिथूनच ती म्हणाली, "मग माझं काय दुखतंय इतके दिवस? डॉक्टर पन माकडहाडच म्हनतो."

लता खुदकन हसली. दादा हसले नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं आणि हातातला शेला पसरला. "हे बघ पोरी. कापड आपोआप बेतलं जातं का? कोनी माप घेतल्याबिगर बाही खांद्याला बसती का? तुझं बोट बघ. सुई धरायला कसं बेतशीर केलंय. कोनीतरी माप घेतलंय ना? आन हे पुस्तक म्हनतंय, कोनी नाय. शिंपीच नाय." त्यांचा आवाज चढला नव्हता. मला वाटतं त्यांना राग आलाच नव्हता, ते घाबरले होते. आयुष्यभर ज्याला कपडे शिवले त्याला कोणी जागेवरून उठवत होतं, आणि वाचून दाखवायला पोटची पोर.

दुसऱ्या दिवशी दादा धुतलेला सदरा आणि खळीची टोपी घालून शाळेत आले. मला वर्गातून बोलावून घेतलं. मुख्याध्यापकांना आम्ही मोठे सर म्हणायचो. त्यांच्या टेबलाच्या एका बाजूला विज्ञानाचे अहिरे सर बसले होते, समोर दादा उभे. खुर्ची रिकामी होती, पण कोणी बस म्हटलं नाही आणि दादा न सांगता बसणारे नव्हते.

"साहेब, बाकी सगळं शिकवा. तेवढा एक धडा माझ्या पोरीला नको."

"अहो, अभ्यासक्रम मी ठरवत नाही. बोर्ड ठरवतं," मोठे सर म्हणाले.

"पोर बोर्डाची हाय का माझी?"

"घरी तुमची. अकरा ते पाच आमची."

"मग अकरा ते पाच तिला जेवू पन तुमीच घाला."

अहिरे सर मोठ्याने हसले. "शिंपीमामा, तुम्ही कापड कापा, मुलं घडवायचं आमच्यावर सोडा. देव काय, उघडा राहिला तरी चालतो. पोरगी अडाणी राहिलेली चालत नाही."

दादांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या काचेकडे बघत होते. मला तेव्हा दोन गोष्टी एकदम वाटल्या आणि त्या दोन्ही आजही तशाच वाटतात. अहिरे सरांचं म्हणणं खरं होतं. आणि त्यांच्या थोबाडीत मारावी. पुढे मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि माझ्याही टेबलासमोर असे बाप येऊन उभे राहिले. मी त्यांना खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे, आणि मग मोठ्या सरांचंच वाक्य बोलायचे. अभ्यासक्रम मी ठरवत नाही. दुसरं काय बोलणार? पण दर वेळी ते वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला त्याची चव कडू लागली, कारण ते कुठून आलंय हे मला माहीत होतं.

घरी आल्यावर दादांनी माझं पुस्तक मागितलं. धड्याची आठ पानं बोटाने मोजली, एकत्र धरली, आणि माणसांच्या कामाची जाड सुई घेऊन पानांच्या मोकळ्या कडेला वरपासून खालपर्यंत धावदोरा घातला. पांढरा दोरा, बारीक सारखे टाके. शेवटी गाठ मारून दोरा दाताने तोडला. गाठ बाहेर, पानाच्या पाठीवर. गिऱ्हाइकाचं काम. "घे," म्हणाले, "फाडलं नाय. सरकारचं पुस्तक हाय, मला कळतं. फकस्त मिटलंय."

आणि अहिरे सरांनी काय केलं? त्यांनी त्या महिन्यात वर्गात पुस्तक उघडलं, धड्याचं नाव फळ्यावर लिहिलं, बाकांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "हा सोपा आहे. घरी वाचून घ्या." पुढचा धडा सुरू. संपलं. ज्या धड्यासाठी माझ्या बापाला उभं करून हसले, तो धडा त्यांनी शिकवला नाही. पानं शिवलेलं पुस्तक मांडीवर घेऊन मी बसले होते, आणि माझ्या शेजारच्या मुलीच्या उघड्या पुस्तकाचाही तिला तेवढाच उपयोग झाला. हे मी दादांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, कोण जाणे. शाळा त्यांच्याच बाजूला आहे हे कळून त्यांना बरं वाटलं असतं, आणि ते मला नको होतं.

कोणी शिकवणार नाही हे कळल्यावर मला तो धडा हवासा झाला. एका गुरुवारी दुपारी शाळा लवकर सुटली, दादा देवळात पोशाख पोचवायला गेले होते, आई नदीवर, लता तिच्यासोबत. मी मागच्या खोलीत बसून सुईच्या टोकाने एकेक टाका उचलला आणि दोरा न तोडता सगळा काढला. देवाच्या कपड्यांची हातशिलाई मी दादांबरोबर करायचे, त्यामुळे उसवणं मला शिवण्याइतकंच येत होतं. मग वाचलं. पहिल्यांदा भीत भीत, दुसऱ्यांदा सावकाश. जीवाश्म, नैसर्गिक निवड, मग अवशेषांगं. शरीरात राहून गेलेले, आता काही कामाचे नसलेले भाग. माकडहाड तिथे होतं, आईचं, छापील अक्षरात. आणि ते मला कळलं ते पुस्तकामुळे नाही, लताच्या फ्रॉकमुळे. तो फ्रॉक आधी माझा होता. दादांनी तो शिवताना खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं होतं, मी वाढेन तसं सोडायला. तीनदा सोडला, मग लताला दिला, कमरेत आवळला, बाह्या काढल्या. पण जुन्या दुमडींच्या तीन फिक्या रेघा घेरावर तशाच होत्या. कोणी नीट बघितलं तर त्या फ्रॉकचा सगळा इतिहास वाचता आला असता. शरीर असं आहे. नवं बेतलेलं नाही, जुनं सोडत, आवळत आणलेलं, रेघांसकट. दादांच्या प्रश्नाचं उत्तर दादांच्याच कामात होतं, आणि ते मला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगावंसं वाटत नव्हतं.

चार पानं भरून टिपणं काढून वही दप्तरात घातली. मग त्याच भोकांतून तोच दोरा परत घातला. टाके मोजून. दोरा मेणावरून ओढून, तोंडात न धरता. इतकं जपून की मला स्वतःचा अभिमान वाटला.

पंधरा दिवसांनी तपासणीला शिक्षण खात्यातले साहेब आले. सफारी, हातात फाईल. विज्ञानाच्या तासाला येऊन मागे बसले, मग उठून पुढे आले आणि विचारलं, "उत्क्रांतीचा धडा झाला?"

"झाला साहेब," अहिरे सर म्हणाले. "मुलं लक्ष देत नाहीत ही गोष्ट वेगळी."

"माकडहाड. शरीरातलं हे कसलं अंग आहे? कोण सांगेल?"

अख्ख्या वर्गात मला एकटीला उत्तर येत होतं. शब्द जिभेवर होता, त्यावर चुंबळीवर बसलेली आई आठवून हसूही येत होतं. पण माझ्या पुस्तकातली पानं मिटलेली आहेत हे अहिरे सरांना ठाऊक होतं, वर्गाला ठाऊक होतं. मी बोलले असते तर धागा कोणी उसवला हे संध्याकाळच्या आत आमच्या दुकानापर्यंत पोचलं असतं. मी मान खाली घातली. साहेब बाकांमधून चालत आले आणि नेमके माझ्याजवळ थांबले. पुस्तक उचललं. पानं उलटेनात.

"हे काय आहे?"

"वडिलांचं काम, साहेब," अहिरे सर लगबगीने म्हणाले. "देवांचे कपडे शिवतात. धडा नको म्हणून शिवून टाकला."

वर्ग हसला. अहिरे सरांनी पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड दिलं आणि साहेबांनी माझ्या डोळ्यांसमोर आठही पानं कापून मोकळी केली, दोन पानांवर ब्लेड घसरून चीरही गेली. "पुस्तक शासनाचं आहे, तुझ्या बापाचं नाही," ते म्हणाले. "अशी घरं आहेत म्हणून देश मागे आहे. ऊठ. वाच मोठ्याने."

मी उठले. वाचलं नाही. मला तो धडा पुस्तकाशिवाय येत होता, पण मी वाचलं नाही. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. धडा शिकवला का नाही, हे त्यांनी परत कोणाला विचारलं नाही.

दोन दिवसांनी दादांना बोलावणं आलं. कागद टाइप करून तयार होता. मी शासकीय पुस्तकाचे जाणूनबुजून नुकसान केले आहे, यापुढे असे होणार नाही. पुरावा म्हणून पुस्तक टेबलावर. मला याही वेळी उभं केलं होतं. दादांनी कागदाकडे बघितलंच नाही. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, जसं दुसऱ्याने शिवलेलं कापड घेतात तसं, आणि कापलेल्या टाक्यांच्या तुकड्यांवरून बोट फिरवलं. मागच्या पानाच्या पाठीवर फिरवलं. तिथे गाठ नव्हती. त्यांनी पान उलटलं. गाठ आत होती. दोन पानांच्या मध्ये, दाबून बसवलेली, बाहेरून दिसणार नाही आणि हाताला लागणार नाही अशी. मला माझी चूक त्याच क्षणी कळली. टाके मोजले होते, भोकं तीच घेतली होती, पण हात सवयीचा. चांगलं काम म्हटलं की माझ्या हाताला गाठ आतच घेता येत होती.

"शिंपीमामा, टाका मात्र सुबक आहे हं," अहिरे सर म्हणाले.

दादांनी वर बघितलं. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे. "माझाच हाय," म्हणाले, आणि कागदावर सही केली. एकेक अक्षर काढत, वेळ घेऊन.

घरी येताना भाजीबाजारातून आलो. रोजच्या ओळखीच्या बाया हाका मारत होत्या, "शिंपीदादा, मेथी घ्या, कवळी हाय." ते थांबले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर एवढंच म्हणाले, "गाठ आत घेतलीस. देवाच्या कापडासारखी." मी म्हणाले, "दादा, मला तुम्हाला त्यातलं सांगायचंय. लताचा फ्रॉक आहे ना..." ते पुढे निघून गेले होते. त्या दिवसापासून त्यांनी मला धडा वाचायला सांगितला नाही. पाट भिंतीला उभा टेकवून ठेवला. मी मागच्या खोलीत मनातल्या मनात वाचायला शिकले.

आता इंदिरानगरला मुलाकडे राहते. नात गेल्या वर्षी दहावीला होती, केंद्राच्या अभ्यासक्रमाची शाळा. तिचं विज्ञानाचं पुस्तक मी सहज चाळलं. उत्क्रांतीचा भाग नाही. सरकारनेच गाळलाय. मी सुनेला विचारलं, शाळेत कोणी पालकांनी काही विचारलं का? ती म्हणाली, "अहो आई, पोर्शन कमी झाला तेवढंच बरं." कोणी टोपी घालून गेलं नाही. कोणाला उभं केलं नाही. माझ्या बापाने आठ पानं शिवली तर त्याच्याकडून लिहून घेतलं, आणि आता कोणाकडून लिहून घ्यायचं? दादांच्या धाग्याला निदान भोकं होती, उसवता येत होता. मी नातीला समोर बसवून सगळं सांगितलं, फ्रॉकसकट. तिने ऐकलं, आणि विचारलं, "आजी, हे परीक्षेला नाहीये ना?"

मला मात्र परीक्षेला होतं. विज्ञानाच्या पेपरच्या सकाळी आईने हातावर दही-साखर ठेवली. दादा दुकानात मशीनला तेल घालत होते. मान वर न करता म्हणाले, "तेवढा एक प्रश्न सोडून दे. बाकी सगळं लिही. तू पास होशीलच."

"बघते," मी म्हणाले.

प्रश्न आला होता. अवशेषांगे म्हणजे काय, उदाहरणांसह लिहा. तो सोडला असता तरी मला कॉलेज मिळालं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दादा मागत होते ते फार नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी खोटी सही केली होती, आणि मी एक प्रश्न कोरा ठेवायचा होता. मी बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिला. त्या धड्यावर सगळ्यांनी आपापला हक्क सांगितला होता, बापाने, बोर्डाने, साहेबाने, पण तो वाचला होता फक्त मी. तो मला कोणी दिला नव्हता, मी उसवून घेतला होता. दुसऱ्या कोणासाठी मी तो परत मिटणार नव्हते.

संध्याकाळी दादांनी विचारलं, "आला होता?"

"आला."

"लिहिलास?"

"लिहिला."

खोटं बोलता आलं असतं. पेपर कोण बघणार होतं? पण मी त्यांचीच मुलगी होते. दादांनी हातातलं काम खाली ठेवलं, फळीवरची लाल फडक्यातली कात्री काढली आणि लताला हाक मारली. "उद्यापासून देवाचं काम हिला शिकवतो. शकू, तू त्या कापडाला हात लावू नको." लता दहा वर्षांची होती. तिला वाटलं बक्षीस मिळालं, ती माझ्याकडे बघून हसली.

कॉलेजला जाऊ नको असं ते कधी म्हणाले नाहीत. गल्लीत कोणी विचारलं की सांगायचे, "थोरली कॉलेजला चालली, सायन्सला." आवाजात अभिमान असायचा, मी दाराआडून ऐकला आहे. जूनमध्ये त्यांनी मला दोन पंजाबी ड्रेस शिवले. माप विचारलं नाही, नजरेनेच घेतलं, आणि कुठे सुताएवढंही चुकलं नाही. आईने घडी माझ्या हातात दिली. पहिल्या दिवशी घालताना मानेमागे काहीतरी टोचलं. मी ड्रेस काढून उलटा केला. गळ्याच्या पट्टीची हातशिलाई बारीक, सारखी, नेहमीची. आणि शेवटाला गाठ. बाहेर, गिऱ्हाइकाच्या कपड्याला असते तशी. दुसरा उलटा केला. त्यालाही तशीच.

पदवी मिळेपर्यंत ते दोन ड्रेस मी आलटून पालटून घातले. उन्हाळ्यात घाम आला की गाठ जास्त टोचायची. उसवून ती आत घ्यायला मला पाच मिनिटं लागली असती, ते काम मला येत होतं. मी घेतली नाही.